मूल मोजकेच पदार्थ खाते, तेव्हा नवा पदार्थ कुठून सुरू करावा?

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तो कडक भाजलेला पाव, एकाच कंपनीची चौकोनी खारी बिस्किटे, फ्रेंच फ्राइज, मोकळा पांढरा भात, साल काढलेले सफरचंद आणि ठरावीक पेल्यातून दूध, एवढेच घेतो. पूर्वी उकडून कुस्करलेला बटाटा खायचा. त्यात मी एकदा वाटलेले मटार बेमालूम मिसळले, पहिल्याच घासाला त्याला उलटी झाली आणि तेव्हापासून कुस्करलेला बटाटा नुसता दिसला तरी तो उठून जातो. बिस्किटांचा पुडा नव्या रंगाचा आला, तेव्हा तीही त्याने बरेच दिवस सोडली होती. कपड्यांची लेबले त्याला टोचतात, केस कापताना आणि दात घासताना तो रडतो, स्वयंपाकघरातून वास आला की दार लावून बसतो. त्याच्या संवेदना अतितीव्र आहेत असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सासूबाई म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल. माझे पती म्हणतात, एक घास खाल्ल्याशिवाय टेबलावरून उठायचे नाही असा नियम करू. नवे पदार्थ द्यायचे तरी कसे? आणि कुणाकडे जेवायला गेलो की चारचौघांत जी फजिती होते, तिचे काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारले आहे ते नव्या पदार्थांविषयी, पण त्याचे उत्तर तुम्ही ओघात लिहून टाकलेल्या जुन्या पदार्थांच्या यादीत आहे, म्हणून आधी ती यादी नीट वाचू या. यादीतील प्रत्येक पदार्थ पांढरा किंवा फिकट पिवळसर आहे, एकाचाही वास उग्र नाही, आणि दूध वगळता बहुतेक पदार्थ हाताला न चिकटणारे आहेत. निम्म्याहून अधिक पदार्थ दाताखाली कुरकुरतात, त्यामुळे घास तोंडात नेमका कुठे आहे हे त्याला स्पष्ट कळते. ज्याचा लगदा होतो, जो बुळबुळीत लागतो किंवा ज्यात पातळ रसात तुकडे येतात, असा एकही पदार्थ त्यात नाही. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे पदार्थ रोज सारखेच लागतात. कारखान्यात तयार झालेले बिस्किट आज जसे लागते तसेच ते पुढच्या महिन्यातही लागणार असते. द्राक्षांच्या एकाच घडात मात्र एक मणी गोड, दुसरा आंबट आणि तिसरा मऊ पडलेला निघतो. फळे आणि भाज्या नाकारणारी कितीतरी मुले चवीपेक्षा या बेभरवशाला घाबरत असतात. (सफरचंदाला त्याने या यादीत कसे घेतले, याचे मला कुतूहल आहे. बहुधा तुम्ही नेहमी एकाच जातीचे सफरचंद, एकाच जाडीच्या फोडी करून देत असाल. तसे असेल तर ते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.)

बाकीच्या घराला जे साधे जेवण वाटते, ते त्याच्या मज्जासंस्थेला एकाच वेळी सर्व दिशांनी गाठणारे असते. रंग आणि चकाकी डोळ्यांना दिसते. वास घास तोंडात जाण्यापूर्वी नाकाला येतो आणि चावताना घशाच्या मागच्या बाजूने तो पुन्हा नाकात चढतो. कुरकुरण्याचा आवाज हवेतून तर येतोच, शिवाय जबड्याच्या हाडातूनही कानापर्यंत पोहोचतो. जीभ, हिरड्या आणि टाळू यांना ओलेपणा, तापमान, कण आणि धागे जाणवत राहतात. यांतील एखादी जाणीव तुम्हाला मंद ऐकू येणाऱ्या रेडिओसारखी वाटत असेल, तर त्याच्यासाठी त्याच रेडिओचा आवाज पूर्ण वाढवलेला असतो. लेबले टोचणे, केस कापताना रडणे आणि मटाराच्या घासाने उलटी होणे या तीन वेगवेगळ्या खोड्या नाहीत, त्यांचे मूळ एकच आहे. जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजच्या कामांतील अडचणींवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी) संवेदनांच्या एकत्रीकरणाचा, म्हणजे वेगवेगळ्या इंद्रियांकडून आलेल्या जाणिवा मेंदू कशा जुळवतो याचा, विचार 1970 च्या दशकातच मांडला होता, आणि 2013 मध्ये मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-5 या अमेरिकी नियमावलीत संवेदनांना अति किंवा अत्यल्प प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांत नोंदवला गेला. स्वमग्नता नसलेल्या मुलांमध्येही अशी तीव्रता असू शकते. त्यामुळे केवळ एवढ्यावरून तुमच्या मुलाविषयी कोणताही निष्कर्ष काढू नका.

नव्या अन्नाला बिचकणे हे दोन ते सहा वर्षांच्या बहुतेक मुलांमध्ये कमी-अधिक प्रमाणात असते आणि ते वयानुसार ओसरते. तुमच्या मुलाची गोष्ट त्याच्या पुढची वाटते, कारण त्याची यादी फार आखूड आहे, ती वाढण्याऐवजी घटते आहे, आणि नकारासोबत ओकारीची उबळ व उलटी येते आहे. आहाराच्या अडचणींवर काम करणारे अनेक तज्ज्ञ वीसपेक्षा कमी पदार्थांची यादी ही केवळ वाट पाहत बसण्याची अवस्था मानत नाहीत. म्हणून घरातले प्रयोग सुरू करण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडे एक भेट जरूर घ्या आणि ती या एकाच विषयासाठी घ्या. उंची आणि वजनाचा आलेख, लोह, ड जीवनसत्त्व आणि डॉक्टरांना गरजेचे वाटेल ते तपासून घ्यावे. लोह कमी झाले की भूकही मंदावते, म्हणजे न खाण्यामुळे न खाणे वाढत जाते. अतिशय मर्यादित आहार घेणाऱ्या मुलांमध्ये क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्हीसारखा आजारही आजच्या काळात नोंदवला गेला आहे. हिरड्यांतून रक्त येणे आणि पाय दुखतात म्हणून चालायला नकार देणे ही त्याची लक्षणे दिसली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, किडलेला दात किंवा सुजलेले टॉन्सिल यांपैकी काही असेल तर ते आधी बरे करावे लागते, कारण दुखणाऱ्या पोटाला किंवा दाताला कोणतीही युक्ती पटत नाही. दिवसभरात तो किती दूध पितो, हेही मोजून डॉक्टरांना सांगा. दुधाने पोट भरलेले मूल जेवणाला भुकेले येत नाही, आणि जास्त दूध हे लोह कमी होण्याचे एक नेहमीचे कारण आहे. खाताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज घोगरा किंवा ओलसर होत असेल, घास गालात साठवून ठेवला जात असेल, तर चावण्या-गिळण्याचे कौशल्य तपासणाऱ्या थेरपिस्टची गरज आहे. ज्या मुलाचे वजन किंवा पोषण अशा मर्यादित खाण्यामुळे घसरते, किंवा ज्याचे घराबाहेरचे वावरणेच त्यामुळे खुंटते, त्याच्यासाठी 2013 पासून एआरएफआयडी (अन्न टाळण्याचा किंवा फार मर्यादित खाण्याचा विकार) हे स्वतंत्र निदान उपलब्ध आहे. शरीराच्या आकाराची किंवा वजन वाढण्याची चिंता त्यामागे नसते.

आता घरातील दोन सूचनांविषयी. सासूबाईंचे म्हणणे त्यांच्या अनुभवातून आले आहे, आणि साध्या चोखंदळ मुलाबाबत ते पुष्कळदा खरेही ठरते. परंतु ज्याला न आवडणारा घास उबळ आणतो, त्या मुलाच्या बाबतीत भूक हा उपाय चालत नाही. अशी मुले खरोखर उपाशी राहतात. काहींना पोटातील भुकेची जाणीवच अंधूक असते, आणि चिडचिड, थकवा किंवा डोकेदुखी हीच त्यांची भूक असते. दोन दिवसांच्या उपवासानंतर त्याच्या यादीत एकही पदार्थ वाढलेला नसेल, आणि जेवणाचे टेबल मात्र धोक्याचे ठिकाण ठरलेले असेल. हे सासूबाईंना तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले बरे, म्हणून त्या भेटीला त्यांना सोबत न्या, असे मी सुचवीन. सून सांगते तेव्हा तो वाद होतो, तेच डॉक्टर सांगतात तेव्हा ती माहिती होते.

एक घास खाल्ल्याशिवाय उठायचे नाही, हा नियम दिसायला सौम्य आहे, पण तोही बळजबरीच आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप संपवण्याचा आग्रह केला गेला, तेव्हा त्यांनी आग्रह नसताना खाल्ले त्यापेक्षा कमी खाल्ले आणि त्या सुपाविषयी तक्रारीही जास्त केल्या. ती तर संवेदनांची विशेष अडचण नसलेली मुले होती. तुमच्या मुलाच्या बाबतीत भीती वाढली की शरीर सावध होते, सावध शरीराची भूक मावळते आणि उबळ लवकर येते. म्हणजे ज्या नियमाने घास आत जावा अशी अपेक्षा आहे, तोच घास बाहेर काढतो. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणी या ठिकाणी मला सर्वांत उपयोगी वाटते : काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. तुमच्या पतींना नियमच हवा असेल, तर हा नियम पुरेसा कडक आहे, फक्त तो दोन्ही बाजूंना लागू होतो.

मटारांच्या प्रसंगात नेमके काय झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याने बटाटा म्हणून जो घास घेतला, त्यात त्याच्या जिभेला भलतेच काहीतरी सापडले. मटारांची शिक्षा मात्र बटाट्याला मिळाली, आणि एक भरवशाचा पदार्थ हातचा गेला. भाज्या लपवून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि ज्या मुलांच्या जिभेला तो फरक कळत नाही त्यांच्यात तो खपूनही जातो, पण तुमच्या मुलाच्या जिभेपासून काही लपवता येईल या भ्रमात राहू नका. मिसळायचे असेल तर त्याच्या डोळ्यांदेखत आणि त्याच्या संमतीने मिसळा, आणि ते त्याच्या भरवशाच्या वाटीत मिसळू नका. भरवशाचे पदार्थ ही त्याची ठेव आहे. त्यातून परस्पर काही काढायचे नाही.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नवा पदार्थ पानात अचानक येऊन बसू नये, तो जुन्या पदार्थातून थोडा थोडा बदलत यावा. आणि एका वेळी त्याचा एकच गुण बदलावा. आकार, रंग, चव, पोत, तापमान, कंपनी, भांडे, यांपैकी एकच. फ्रेंच फ्राइजपासून सुरुवात करण्याचे कारण सोपे आहे : तो आकार त्याने स्वीकारलेला आहे आणि आकार तुमच्या हातात आहे. आज जे फ्राइज तो खातो, त्यांच्यासारख्याच पण किंचित जाड किंवा किंचित लांब सळ्या काही दिवस द्या. तो खाऊ लागला की तोच बटाटा, तोच आकार, पण तळण्याऐवजी ओव्हनमध्ये कडक भाजलेला. तोही जमला की त्याच आकाराच्या, तितक्याच कडक भाजलेल्या रताळ्याच्या सळ्या, आणि त्याही फिकट रंगाच्या रताळ्याच्या. नारिंगी रताळे ही पुढची पायरी, कारण तेथे रंग बदलतो. नारिंगी रंगाची ओळख झाली की भाजलेल्या गाजराची सळी त्याला पूर्णपणे परकी राहत नाही. हा प्रवास कागदावर चार ओळींचा दिसतो, प्रत्यक्षात तो अनेक महिन्यांचा असू शकतो, आणि एखाद्या पायरीवर तो अडला तर ती पायरी आपण फार उंच ठेवली असे समजून मध्ये आणखी एक पायरी घालायची असते. याच रीतीने कडक भाजलेल्या पावापासून वेगळ्या पिठाच्या पावाकडे, खाऱ्या बिस्किटांपासून तशाच आकाराच्या दुसऱ्या बिस्किटाकडे आणि मग त्यावर अगदी पातळ लावलेल्या चीजकडे किंवा लोण्याकडे, सफरचंदाच्या फोडीपासून दुसऱ्या जातीच्या सफरचंदाकडे आणि तेथून कडक पेअरकडे जाता येते. भाताला मात्र सध्या हात लावू नका. एक-दोन पदार्थ कोणत्याही प्रयोगापासून पूर्ण सुरक्षित ठेवलेले बरे.

पुड्याच्या रंगाची तक्रारही याच मार्गाने सुटेल. बिस्किटे पुड्यातून काढून पारदर्शक बरणीत ठेवण्याची सवय लावा आणि बरणी त्याच्या हाताने भरून घ्या; मग कंपनीने पुडा बदलला तरी त्याला बिस्किट ओळखीचेच दिसेल. शिवाय एकच पदार्थ रोज तंतोतंत त्याच रूपात दिला, तर अशी मुले कधीतरी त्याला अचानक विटतात, आणि सोडलेला पदार्थ परत येतोच असे नाही. तेव्हा जे तो आज आनंदाने खातो, त्यातही मधूनमधून त्याला जेमतेम जाणवेल एवढा फरक करत राहा : पाव कधी चौकोनी कापून, कधी त्रिकोणी, सफरचंद कधी फोडी करून, कधी चकत्या करून.

जो पदार्थ अशा साखळीतून येऊ शकत नाही, तो ताटात न वाढता वेगळ्या छोट्या बशीत ठेवा. बशी त्याच्यापासून हातभर लांब असली तरी चालेल. पहिल्या आठवड्यात ती बशी टेबलावर असताना तो बसून स्वतःचे जेवण जेवला, तर तेवढीच प्रगती पुरे. नंतर ती थोडी जवळ. मग हाताने नव्हे तर काट्याने तुकडा ढकलणे, मग बोटाच्या टोकाने स्पर्श, मग हुंगणे, मग ओठाला लावून लगेच पुसणे, मग जिभेच्या टोकाने एकदा चाटणे, मग दाताने खूण करून तुकडा परत बशीत ठेवणे, मग चावून रुमालात थुंकणे. गिळणे हे अगदी शेवटी येते आणि ते त्याच्या मर्जीने येते. शेजारी कागदी रुमाल ठेवा आणि त्याला स्पष्ट सांगा की नको वाटले तर थुंकून टाकायची पूर्ण मुभा आहे. बाहेर पडण्याची वाट उघडी आहे हे कळल्यावर पुष्कळ मुले आत जायला तयार होतात. मोठ्या माणसांना हे असभ्य वाटते, पण काही काळ ते सोसावे. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असावा, खरोखर तेवढाच. आपण ज्याला लहान तुकडा म्हणतो तो त्याच्या दृष्टीने डोंगर असतो. तो जिभेच्या मध्यावर ठेवण्याऐवजी बाजूला, दाढेवर ठेवायला शिकवा, कारण जिभेच्या मागच्या भागाकडे घास गेला की उबळ लवकर येते, आणि दाढेवर ठेवलेला तुकडा लगेच चावताही येतो, काढताही येतो.

हे किती वेळा करायचे, असे तुम्ही विचाराल. सर्वसाधारण लहान मुलांवर 1980 च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांत नवी चव आवडू लागण्यासाठी साधारण आठ ते पंधरा वेळा ती चाखावी लागते असे वारंवार दिसून आले आहे. तुमच्या मुलासारख्या मुलांना याहून पुष्कळ जास्त वेळा लागतात. बहुतेक घरांत तीन-चार नकारांनंतर तो पदार्थ "त्याला आवडत नाही" या खात्यात जमा होतो आणि पुन्हा ताटाजवळ येत नाही. म्हणून एका वेळी एकच नवा पदार्थ घ्या, पण त्याचा पिच्छा आनंदाने आणि चिकाटीने पुरवा. रोज पाच मिनिटे, पोट अगदी रिकामे नसताना आणि अगदी भरलेलेही नसताना, आणि शक्यतो मुख्य जेवणापासून वेगळ्या वेळी, म्हणजे जेवण हे जेवणच राहते आणि ओळखीचा खेळ हा खेळ राहतो. तो दमलेला असेल, आजारी असेल, शाळेतून चिडून आला असेल, तर त्या दिवशी बशी काढू नका.

जेवणाच्या वेळा मात्र ठरलेल्या असाव्यात. दर अडीच-तीन तासांनी काहीतरी खायला, आणि मधल्या वेळेत फक्त पाणी. दिवसभर बिस्किटे कुरतडत राहिलेल्या मुलाला भूक कशी असते हे कळत नाही, आणि ज्याला मुळातच ती अंधूक कळते त्याला तर नाहीच. प्रत्येक जेवणात त्याचा निदान एक भरवशाचा पदार्थ असावा, त्यामुळे टेबलावर येताना त्याच्या पोटात गोळा येणार नाही. अर्ध्या तासात जेवण आटोपावे. त्यानंतर चालू राहते ती ओढाताण असते.

बसण्याच्या जागेकडे सहसा कुणी पाहत नाही, म्हणून तेही लिहिते. मोठ्यांच्या खुर्चीवर पाय लोंबकळत बसलेल्या मुलाची निम्मी शक्ती तोल सांभाळण्यात जाते. पायांखाली पक्का स्टूल किंवा खोका द्या, पाठीला उशी द्या, टेबल त्याच्या कोपरांच्या उंचीला येईल असे पाहा. ज्या वासांनी तो दार लावून बसतो, ते वास जेवणाआधी निघून जातील इतक्या लवकर स्वयंपाक उरका, खिडक्या उघडा, आणि नवा पदार्थ गरम न देता कोमट किंवा गार करून द्या, कारण गार अन्नाचा वास कमी पसरतो. पदार्थ एकमेकांना चिकटू नयेत म्हणून खणांचे ताट वापरा. टीव्ही आणि मोबाइलविषयी माझे मत थोडे मऊ आहे : सध्या तो पडदा पाहतच जेवत असेल, तर एका दिवसात बंद करू नका, पण नव्या पदार्थाच्या पाच मिनिटांत तो नको, कारण लक्ष दुसरीकडे असताना तोंडात गेलेल्या घासाची ओळख होत नाही. जेवणाआधी जड पिशवी उचलणे, भिंत ढकलणे, उड्या मारणे अशा हालचाली करून घेण्याचा सल्ला ऑक्युपेशनल थेरपिस्ट पुष्कळदा देतात. त्यामागचा पुरावा अजून पातळ आहे, पण तुमचा मुलगा त्याने शांत होत असेल तर करून पाहायला हरकत नाही.

बक्षिसाबाबत सावधपणे वागावे लागते. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट मिळेल" या वाक्यातून मुलाला कळते ते इतकेच, की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट हे मोल आहे. अन्नाचे बक्षीस दिल्याने बक्षिसाची आवड वाढते आणि ज्यासाठी ते दिले त्याची घटते. पण चाखण्याच्या धाडसासाठी एखादा स्टिकर किंवा झोपण्यापूर्वी एक जादा गोष्ट, असे अन्नाशी संबंध नसलेले छोटे बक्षीस काही मुलांना उपयोगी पडते. ते स्पर्शाला किंवा चाटण्याला द्यावे, गिळण्याला देऊ नये, आणि त्याच्यावर दडपण येते आहे असे दिसताच थांबवावे. टाळ्या आणि जल्लोष बहुतेक वेळा नकोच. ज्याला आवाज सोसत नाही त्याच्यासाठी कौतुकाचा गलकाही घासाइतकाच जड असतो. "आज तू त्याचा वास घेतलास, कसा होता?" एवढे पुरे. बोलताना चांगले-वाईट, आरोग्यदायी, ताकद देणारे असे शब्द टाळा आणि वर्णनाचे शब्द वापरा : हे कुरकुरीत आहे, हे आधी थंड लागते आणि मग गोड, याचा आवाज बिस्किटापेक्षा हळू येतो. पुढे काय होणार हे आधी कळले की त्याची निम्मी भीती जाते.

सुरक्षिततेची एक सूचना येथे द्यायलाच हवी. उबळ येणे आणि घास अडकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उबळीत आवाज होतो, तोंड लाल होते, मूल खोकते किंवा ओकते, आणि शरीर स्वतःच घास बाहेर ढकलते. अशा वेळी शांत राहून "बाहेर काढ, काही हरकत नाही" म्हणावे. घास अडकतो तेव्हा आवाज बंद होतो, खोकला निघत नाही, ओठ निळसर होऊ लागतात. ती आणीबाणी असते, आणि तिच्यासाठीचे प्रथमोपचार घरातल्या प्रत्येक मोठ्याने शिकून ठेवावेत. त्याला चावण्याचा सराव कमी आहे, म्हणून अख्खी द्राक्षे, अख्खे दाणे, पॉपकॉर्न आणि कच्च्या गाजराचे जाड तुकडे सध्या टाळा.

नकाराच्या दिवशी काय करायचे, तर काहीच नाही. बशी उचलायची, उद्या पुन्हा ठेवायची. कुस्करलेला बटाटा मात्र काही महिने विसरून जा; नंतर तो पुन्हा आणायचा असेल तर त्याच्या हाताने बटाटा कुस्करून घ्या, खाण्याचा विषय न काढता. ज्यात काय गेले हे त्याने स्वतः पाहिले आहे, त्या वाटीविषयी त्याची शंका कमी होईल. स्वयंपाकात धुणे, मोजणे, ढवळणे यांत त्याला घेतले तर स्पर्शाची आणि वासाची ओळख खाण्याच्या दडपणाशिवाय होते, म्हणून हा काळ मी वाया गेलेला मानत नाही.

हे सर्व तुम्ही एकटीने रेटू नका. तुमच्या भागात आहाराच्या अडचणींचा अनुभव असलेला ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट मिळाला, तर त्यांच्याकडे जाण्यापूर्वी एक आठवडाभर तो काय खातो, कोणत्या भांड्यात, कोणत्या तापमानाला आणि किती वेळात खातो याची नोंद करून न्या. कोणी पहिल्याच भेटीत तुमच्यासमोर त्याला धरून घास भरवू लागले, तर तेथे दुसऱ्यांदा जाऊ नका.

राहिला प्रश्न कुणाकडे जेवायला जाण्याचा. निघण्यापूर्वी त्याला घरीच पोटभर खाऊ घाला आणि त्याचा डबा सोबत न्या. यजमानांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की तो त्याचे जेवण घेऊन येणार आहे, त्याला आग्रह करू नये आणि तो काय खातो याची चर्चा त्याच्यासमोर होऊ नये. हे त्या क्षणी ताटावर बसून समजावण्यापेक्षा आधी सांगितलेले लोक सहज मानतात. त्याला तेथे कुठे बसायचे, किती वेळ थांबायचे आणि वास सहन झाला नाही तर कोणत्या खोलीत जायचे हे घरातूनच ठरवून सांगा. आणि कुणी तरीही पुढे सरसावून त्याच्या तोंडाशी घास नेला, तर पत्रात तुम्ही फजितीविषयी लिहिले आहे ती बाजूला ठेवून, हसतमुखाने तो हात तुम्हीच अडवा.